१८९८चं स्पेन-अमेरिका युद्ध आणि अमेरिकेचा समुद्रापारचा विस्तार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार महिनेही न चाललेल्या एका युद्धानंतर अमेरिकेचा झेंडा कॅरिबियन समुद्रापासून थेट चीनच्या दारातल्या बेटांपर्यंत फडकू लागला. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत या प्रकरणाला एखादा परिच्छेद मिळतो. त्यात तारखा असतात, जहाजांची नावं असतात, पण ज्यांची बेटं होती ती माणसं नसतात. पुढच्या उत्तरांमध्ये त्यांना जागा द्यायचा प्रयत्न केला आहे, कारण त्यांच्याशिवाय हे युद्ध इतकं लवकर का संपलं हेच कळत नाही.

हे युद्ध नेमकं कधी झालं?

अमेरिकी काँग्रेसने २५ एप्रिल १८९८ रोजी युद्ध जाहीर केलं आणि ते २१ एप्रिलपासूनच सुरू असल्याचं त्यातच नमूद केलं. १२ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीच्या मसुद्यावर सह्या झाल्या. अंतिम तह १० डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसमध्ये झाला.

यातून अमेरिकेच्या हाती काय लागलं?

पॅरिसच्या तहाने प्युएर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपाईन्स. क्युबावरचा हक्क स्पेनने सोडला आणि तिथे अमेरिकी लष्कराचा अंमल सुरू झाला. हवाई बेटं स्पेनची नव्हतीच, तरी ती याच उन्हाळ्यात, युद्धाचं निमित्त पुढे करून ताब्यात घेतली गेली. जानेवारी १८९९ मध्ये प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर झेंडा लागला, आणि त्याच वर्षी जर्मनीबरोबर सामोआची वाटणी ठरून पूर्वेकडची बेटं अमेरिकेकडे आली.

यात सगळ्यात मोठा घास फिलिपाईन्सचा. सात हजारांहून अधिक बेटं आणि त्या काळी सत्तर लाखांच्या आसपास लोकसंख्या.

पण भांडण तर क्युबाचं होतं ना?

हो, आणि ते अमेरिका मध्ये पडण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. क्युबातल्या लोकांनी स्पेनविरुद्ध १८६८ ते १८७८ असं दहा वर्षं एक युद्ध लढून पाहिलं होतं. १८९५ मध्ये होसे मार्ती, माक्सिमो गोमेस आणि अँतोनिओ मासेओ यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उठाव झाला. कवी आणि पत्रकार असलेले मार्ती पहिल्याच महिन्यांत, १९ मे १८९५ रोजी, दोस रिओस इथे मारले गेले. मासेओ पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये पडले.

उठावाला साखरेचीही बाजू होती. क्युबाची साखर मुख्यतः अमेरिकेत जायची. १८९४ मध्ये अमेरिकेने साखरेवर पुन्हा आयातशुल्क बसवलं आणि क्युबातल्या ऊसमळ्यांवरची कामं बसली. बेकार झालेले हात बंडाला मिळाले.

हे बंड मोडण्यासाठी स्पेनने जनरल वालेरिआनो वेयलेर यांना धाडलं. गावोगावच्या शेतकऱ्यांना घरादारातून उठवून तारेच्या कुंपणाने वेढलेल्या शहरांत कोंडायचं, म्हणजे बंडखोरांना दाणापाणी मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब. कोंडलेल्या माणसांना खायला काय घालायचं, याचा हिशेब कुणी केलाच नाही. भूक आणि साथींनी एक लाखाहून अधिक माणसं मेली असं इतिहासकार मानतात. अमेरिकेत जो संताप उसळला तो या छावण्यांमुळे, आणि तो खरा होता. ही छावण्यांची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

‘मेन’ हे जहाज कुणी उडवलं?

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवाना बंदरात उभ्या असलेल्या या अमेरिकी युद्धनौकेत स्फोट झाला आणि २६० हून अधिक खलाशी मेले. कप्तान सिग्सबी यांनी त्याच रात्री तार केली, तीत पुढचा अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये असं स्पष्ट लिहिलं होतं. मत मात्र दुसऱ्या दिवशीच बनलं. मार्चमध्ये नौदलाच्या चौकशी मंडळाने बाहेरून लावलेल्या सुरुंगाकडे बोट दाखवलं, तो कुणी लावला हे मात्र सांगितलं नाही. १९७६ मध्ये अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून जुने पुरावे पुन्हा तपासून घेतले. त्यांचा निष्कर्ष असा की स्फोट आतूनच झाला असावा : कोळशाच्या कोठारात धुमसणारी आग शेजारच्या दारूगोळ्यापर्यंत पोचली. सगळ्यांना तो मान्य नाही. पण स्पेनने ते जहाज उडवलं याचा पुरावा आजवर सापडलेला नाही, आणि स्पेनला ते उडवून फायदाही काही नव्हता.

वर्तमानपत्रांनी हे युद्ध घडवलं, हे खरं का?

अर्धंच खरं. न्यूयॉर्कमध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचं ‘जर्नल’ आणि जोसेफ पुलित्झर यांचं ‘वर्ल्ड’ यांच्यात खपाची जीवघेणी चढाओढ होती आणि क्युबाच्या बातम्या तिखटमीठ लावून छापल्या जात होत्या. ‘तुम्ही चित्रं द्या, युद्ध मी देतो’ ही हर्स्ट यांच्या नावावरची तार तर सगळ्यांनाच पाठ असते, पण तशी तार कुणाला दाखवता आलेली नाही.

माझ्या मते वॉशिंग्टनवर जास्त परिणाम झाला तो एका रूक्ष भाषणाचा. व्हरमाँटचे सिनेटर रेडफील्ड प्रॉक्टर स्वतः क्युबात जाऊन आले आणि १७ मार्च १८९८ रोजी त्यांनी सिनेटमध्ये छावण्यांत काय पाहिलं ते आवाज न चढवता सांगितलं. भडक बातम्यांकडे दुर्लक्ष करणारे व्यापारी आणि धर्मगुरू त्यानंतर बोलू लागले. राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांनी तरुणपणी यादवी युद्ध अंगावर झेललं होतं आणि त्यांना लढाईची हौस नव्हती. एप्रिलमध्ये तेही झुकले.

टेलर दुरुस्ती काय होती? परीक्षेत नेहमी येते.

काँग्रेसने एप्रिलमध्ये स्पेनला क्युबातून निघायला सांगणारा ठराव केला, तेव्हा कोलोरॅडोचे सिनेटर हेन्री टेलर यांनी त्यात एक कलम घातलं : क्युबा आपल्या राज्यात सामील करण्याचा अमेरिकेचा इरादा नाही, शांतता झाल्यावर बेट तिथल्या लोकांच्या हवाली केलं जाईल. जगापुढे दिलेला हा शब्द होता. मात्र त्यात फक्त क्युबाचं नाव होतं. प्युएर्तो रिको, ग्वाम, फिलिपाईन्स यांच्याबद्दल कुणी कसलाच शब्द दिला नाही, आणि पुढचं सगळं महाभारत त्या मोकळ्या जागेत घडलं.

क्युबा सोडवायला निघालेल्यांची पहिली लढाई मनिलात कशी?

कारण नौदलाची तयारी आधीच झालेली होती. स्पेनशी युद्ध जुंपलंच तर मनिलातल्या त्यांच्या आरमारावर हल्ला करायचा, हे नौदलाच्या आराखड्यांत १८९८ च्या आधीच आलं होतं. नौदल अधिकारी आणि इतिहासकार आल्फ्रेड माहान यांनी १८९० मध्ये मांडलेला विचार तेव्हाच्या पुढाऱ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता : मोठं राष्ट्र व्हायचं तर व्यापार हवा, व्यापाराला आरमार हवं आणि वाफेच्या आरमाराला वाटेवर कोळशाची ठाणी हवीत. चीनची बाजारपेठ सगळ्यांनाच खुणावत होती आणि मनिला तिथून जवळ.

थिओडोर रूझवेल्ट तेव्हा नौदल खात्यात सहायक सचिव होते. २५ फेब्रुवारीला त्यांचे वरिष्ठ दुपारी कार्यालयाबाहेर असताना त्यांनी हाँगकाँगला कमोडोर जॉर्ज ड्यूई यांना तार केली : जहाजांत कोळसा भरून ठेवा, आणि युद्ध झालं तर स्पेनचं आरमार आशियाच्या किनाऱ्यावरून हलू देऊ नका. वरिष्ठ परतल्यावर रूझवेल्ट यांचे बरेच हुकूम फिरवले गेले, हा मात्र तसाच राहिला.

१ मे १८९८ च्या पहाटे ड्यूई मनिलाच्या उपसागरात शिरले. स्पेनचे अ‍ॅडमिरल मोंतोहो यांच्याकडे जुनाट जहाजं होती. आपण हरणार हे ओळखून त्यांनी जहाजं शहरापासून दूर काविते इथे उथळ पाण्यात उभी केली होती. दुपार होईतो सगळं आटोपलं. अमेरिकेच्या बाजूचा एकच माणूस मेला, तोही उष्माघाताने. अमेरिकेत ड्यूई यांच्या नावाचा जयघोष सुरू झाला.

पण ड्यूई यांच्याकडे शहर घ्यायला पायदळ नव्हतं. ते येईपर्यंत मनिलाला जमिनीवरून वेढा घातला तो फिलिपिनो बंडखोरांनी.

ग्वाम खरंच न लढता मिळालं?

हो. जून १८९८ मध्ये कप्तान हेन्री ग्लास ‘चार्ल्सटन’ ही युद्धनौका घेऊन तिथे पोचले आणि त्यांनी किल्ल्याच्या दिशेने तोफा डागल्या. स्पेनच्या अधिकाऱ्यांना वाटलं, पाहुण्यांनी सलामी दिली. उलट सलामी द्यायला आपल्याकडे दारू नाही, असं सांगायला ते होडीतून जहाजावर आले. दोन देशांत युद्ध पेटलंय ही बातमीच त्या बेटावर पोचली नव्हती. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरने बेट सोपवलं. बेटावरच्या चामोरो लोकांना मात्र कुणीच काही विचारलं नाही.

क्युबातल्या लढाईबद्दल थोडक्यात सांगाल?

युद्धाच्या तोंडाशी अमेरिकेचं कायम सैन्य अवघं २८ हजारांच्या आसपास होतं, म्हणून मॅकिन्ली यांनी आधी सव्वा लाख स्वयंसेवक मागवले. जूनच्या शेवटी सान्तियागोजवळ फौज उतरली. १ जुलैला सान हुआनच्या टेकड्यांवर हल्ला झाला, त्यातून नौदल खातं सोडून लढायला आलेल्या रूझवेल्ट यांच्या ‘रफ रायडर्स’ या स्वयंसेवक घोडदळ पलटणीचं नाव गाजलं. त्याच उतारावर कृष्णवर्णीय सैनिकांच्या ९व्या आणि १०व्या घोडदळ पलटणी लढत होत्या, त्यांची नावं मागे पडली. ३ जुलैला अ‍ॅडमिरल सेर्वेरा यांचं आरमार बंदराबाहेर पडताना नष्ट झालं आणि १७ जुलैला शहर शरण आलं.

सान्तियागोच्या शरणागतीच्या वेळी क्युबाचे जनरल कालिक्स्तो गार्सिया आणि त्यांचे लोक बाहेर ठेवले गेले. अमेरिकी फौज सुखरूप किनाऱ्याला लागावी म्हणून याच माणसांनी स्पेनच्या तुकड्या अडवून धरल्या होत्या. तीन वर्षं त्यांनी स्पेनचं सुमारे दोन लाखांचं सैन्य बेटभर दमवलं होतं. गार्सिया यांनी अमेरिकी सेनापती शाफ्टर यांना निषेधाचं पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. युद्ध झटपट संपलं याचं निम्मं श्रेय ज्यांचं, त्यांनाच दाराबाहेर उभं केलं गेलं.

अमेरिकेचे चारशेहून कमी सैनिक लढाईत मेले. विषमज्वर, हिवताप आणि पीतज्वराने त्याच्या कितीतरी पट मेले, आणि त्यांतले पुष्कळ तर अमेरिकेतल्याच छावण्यांत.

प्युएर्तो रिकोमध्ये बंड नव्हतं, मग तिथे सैन्य का गेलं?

२५ जुलैला जनरल नेल्सन माइल्स ग्वानिका इथे उतरले, तेव्हा स्पेन तहाची बोलणी लावण्याच्या बेतात होता. बोलणी सुरू होण्याआधी बेट हातात असावं, हा हेतू उघड होता. वाईट याचं वाटतं की स्पेनने नोव्हेंबर १८९७ मध्ये या बेटाला स्वायत्ततेची सनद दिली होती. लुईस मुन्योस रिवेरा यांच्यासारख्या नेत्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती. ते सरकार जेमतेम काही महिने चाललं.

हवाईचा स्पेनशी काय संबंध?

काहीच नाही. हवाईत ऊसमळेवाल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी अमेरिकी खलाशांच्या धाकावर १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं होतं. बेटं अमेरिकेत घ्यावीत असा करार १८९७ मध्ये सिनेटपुढे आला, तेव्हा हवाईच्या लोकांनी बेटोबेटी फिरून विरोधाच्या अर्जावर एकवीस हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि त्यांचे प्रतिनिधी तो घेऊन वॉशिंग्टनला गेले. मूळ हवाई लोक त्या वेळी चाळीस हजारांच्या आसपासच उरले होते, म्हणजे घरटी सही झाली असं म्हटलं तरी चालेल. करार रेंगाळला.

मग मनिलाची लढाई झाली. फिलिपाईन्सकडे जाणाऱ्या जहाजांना मध्ये कोळसा घ्यायला होनोलुलू हवंच, हा युक्तिवाद आला. करारासाठी सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात, ती मिळत नव्हती. म्हणून दोन्ही सभागृहांचा साधा संयुक्त ठराव केला, त्याला साधं बहुमत पुरतं. मॅकिन्ली यांनी त्यावर ७ जुलै १८९८ रोजी सही केली. १९९३ मध्ये, राणीला हटवल्याच्या शंभराव्या वर्षी, अमेरिकी काँग्रेसने ठराव करून हवाईच्या लोकांची माफी मागितली.

मॅकिन्ली यांनी अख्खं फिलिपाईन्स का ठेवून घेतलं?

सुरुवातीला विचार फक्त मनिला बंदराचा किंवा लुझोन बेटाचा होता. ऑक्टोबर १८९८ च्या शेवटी पॅरिसमधल्या शिष्टमंडळाला कळवलं गेलं की सगळी बेटं मागा. स्पेनला परत दिली तर नाचक्की, सोडून दिली तर जर्मनी घेईल (जर्मन जहाजं मनिलाच्या उपसागरात घिरट्या घालत होतीच), आणि लोकांच्या हाती दिली तर त्यांना राज्य चालवता येणार नाही, अशी कारणं सांगितली गेली. शेवटचं कारण आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचं वाटेल. हेच आपल्यालाही दीडशे वर्षं ऐकवलं गेलं होतं.

रात्री गुडघे टेकून देवाची करुणा भाकली तेव्हा उत्तर मिळालं, असं मॅकिन्ली म्हणाल्याची आठवण एका पाहुण्याने १९०३ मध्ये छापली. तेव्हा मॅकिन्ली हयात नव्हते, म्हणून ती जपूनच वाचायला हवी.

बदल्यात स्पेनला दोन कोटी डॉलर मिळाले. नकाशावरच्या रेषेबाहेर राहिलेली दोन बेटं, सिबुतु आणि कागायान दे सुलू, १९०० मध्ये आणखी एक लाख डॉलर देऊन घेतली. तहाच्या नवव्या कलमात लिहिलं आहे की या मुलखातल्या मूळ रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा काँग्रेस ठरवेल. लक्षावधी माणसांचं भविष्य एका वाक्यात उरकलं.

फिलिपिनो लोकांचं म्हणणं काय होतं?

त्यांनी ते १२ जून १८९८ रोजीच सांगितलं होतं. त्या दिवशी बंडखोरांचे नेते एमिलिओ अगिनाल्दो यांनी काविते प्रांतातल्या काविट इथे आपल्या घरातून स्वातंत्र्याची घोषणा केली. हाँगकाँगमध्ये मार्सेला आगोन्सिल्यो यांनी शिवलेला झेंडा तिथे फडकला. स्पेनविरुद्धचा त्यांचा लढा १८९६ पासून चालू होता. लेखक आणि डॉक्टर होसे रिझाल यांना स्पेनने त्याच वर्षी ३० डिसेंबरला मनिलात गोळ्या घातल्या होत्या. परागंदा झालेल्या अगिनाल्दो यांना मे १८९८ मध्ये हाँगकाँगहून परत आणलं ते ड्यूई यांच्याच जहाजाने. अमेरिका आपल्याला स्वातंत्र्य मिळवून देणार, असा त्यांचा समज झाला होता. ड्यूई यांनी पुढे, असं वचन कधी दिलंच नव्हतं, असं सांगितलं.

१३ ऑगस्टला मनिला पडलं तेही आधी ठरवून. शहर फिलिपिनो लोकांच्या हाती देण्यापेक्षा अमेरिकेला शरण जाणं स्पेनच्या अधिकाऱ्यांना बरं वाटलं, म्हणून अब्रू राखण्यापुरती लुटुपुटूची लढाई करून शहर सोपवण्यात आलं. फिलिपिनो सैन्याला वेशीबाहेर थोपवून धरलं. युद्धबंदी आदल्या दिवशीच झाली होती, पण मनिलाची समुद्रातली तार ड्यूई यांनी मे महिन्यातच तोडल्यामुळे ती बातमी पोचलीच नव्हती. फेलिपे आगोन्सिल्यो हे फिलिपाईन्सचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेले, पण तहाच्या बैठकीत त्यांना पाऊल ठेवू दिलं नाही. सान्तियागोत गार्सिया, पॅरिसमध्ये आगोन्सिल्यो.

त्यानंतरच्या युद्धाबद्दल फारसं वाचायला का मिळत नाही?

कारण त्या युद्धात मिरवण्यासारखं काही नव्हतं. लंडनमधले अमेरिकी राजदूत जॉन हे यांनी जुलै १८९८ मध्ये रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रात स्पेनविरुद्धच्या युद्धाची ‘छोटंसं, झकास युद्ध’ अशी तारीफ केली होती. फिलिपाईन्समधलं युद्ध ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाच्या सीमेवरच्या गोळीबाराने पेटलं. दोनच दिवसांनी सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला, आवश्यकतेपेक्षा फक्त एक मत जास्त.

उघड्या मैदानातली लढाई हरल्यावर अगिनाल्दो यांनी गनिमी कावा स्वीकारला. २३ मार्च १९०१ रोजी पालानान इथे अमेरिकी अधिकारी फन्स्टन यांनी कैदी असल्याचं सोंग घेऊन, फितवलेल्या फिलिपिनो शिपायांच्या मदतीने त्यांना पकडलं. लढाई तरीही थांबली नाही. सप्टेंबर १९०१ मध्ये सामार बेटावरच्या बालांगिगा गावात लोकांनी अमेरिकी तुकडीवर अचानक हल्ला करून तिचा जवळजवळ फडशा पाडला. सूड म्हणून जनरल जेकब स्मिथ यांनी बेट बेचिराख करण्याचा आणि दहा वर्षांवरच्या, हत्यार धरू शकणाऱ्या कुणालाही मारण्याचा हुकूम दिला. त्यांच्यावर लष्करी खटला झाला, शिक्षा काय तर समज आणि सक्तीची निवृत्ती. पकडलेल्यांच्या तोंडात बादल्यांनी पाणी ओतून बोलतं करण्याचे प्रकार इतके वाढले की सिनेटला १९०२ मध्ये चौकशी करावी लागली.

आणि बातांगास प्रांतात जनरल फ्रँकलिन बेल यांनी गावकऱ्यांना घरादारातून उठवून ठरावीक हद्दीत कोंडलं. बाहेर राहिलेलं धान्य जाळलं, गुरं मारली. क्युबात वेयलेर यांनी जे केलं म्हणून अमेरिका खवळून उठली होती, तेच चार वर्षांच्या आत अमेरिकी सैन्य करत होतं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत असह्य वाटणारी गोष्ट हीच आहे.

४ जुलै १९०२ रोजी रूझवेल्ट यांनी (आता राष्ट्राध्यक्ष) युद्ध संपल्याचं जाहीर केलं, तरी दक्षिणेच्या मोरो म्हणजे मुस्लिम लोकांच्या मुलखात चकमकी आणखी दहा-बारा वर्षं चालू राहिल्या. ४२०० च्या आसपास अमेरिकी सैनिक, सुमारे २० हजार फिलिपिनो लढवय्ये, आणि भूक-पटकीने धरून किमान दोन लाख सामान्य लोक मेले, असा अंदाज साधारणपणे दिला जातो.

अमेरिकेत कुणी विरोध केला नाही?

भरपूर केला. नोव्हेंबर १८९८ मध्ये बोस्टनमध्ये साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला. माजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड, पोलादसम्राट कार्नेगी, तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स, समाजसेविका जेन अ‍ॅडम्स अशी माणसं त्या बाजूला होती. सगळ्यांचे हेतू सारखे उदात्त नव्हते. कुणाला गोऱ्या नसलेल्या लोकांना देशात घ्यायचंच नव्हतं, कुणाला स्वस्त साखरेची आणि मजुरांची धास्ती होती.

या वादातल्या दोन लेखकांचा मुंबईशी संबंध आहे. फिलिपाईन्स घ्याच, असं अमेरिकेला बजावणारी कविता फेब्रुवारी १८९९ मध्ये छापून आली, तिचे कवी रड्यार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे वडील जे. जे. कला महाविद्यालयात शिकवत. रूझवेल्ट यांना ती कविता म्हणून बेताची, पण विस्ताराच्या दृष्टीने शहाणपणाची वाटली. दुसरे मार्क ट्वेन. ते जानेवारी १८९६ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यात मुंबईला आले होते. १९०० मध्ये ते मायदेशी परतले आणि बंदरावर वार्ताहरांना म्हणाले की पॅरिसचा तह मी वाचला, तो सोडवण्यासाठी नसून जिंकण्यासाठी आहे, आणि मी साम्राज्याच्या विरोधात आहे. जगाच्या प्रवासात त्यांनी वसाहती जवळून पाहिल्या होत्या, त्याचा त्यांच्या मतावर परिणाम झाला असणार असं मला वाटतं.

१९०० च्या निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी हा प्रश्न लावून धरला. ते हरले.

बेटांवरचे लोक अमेरिकी नागरिक झाले का?

आपोआप नाही. १९०० मध्ये प्युएर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात बसली आणि व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेला : बेट अमेरिकेचं असेल तर जकात कसली? न्यायालयाने १९०१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की ही बेटं अमेरिकेच्या मालकीची आहेत, पण अमेरिकेचा भाग नाहीत, त्यामुळे राज्यघटना तिथे जशीच्या तशी लागू होत नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवलं. संत्र्यांच्या त्या खटल्याची आणि त्याच्यासारख्या इतर निकालांची सावली आजही तिथे आहे. प्युएर्तो रिकोच्या लोकांना नागरिकत्व १९१७ मध्ये मिळालं, ग्वामच्या लोकांना १९५० मध्ये. अमेरिकी सामोआत जन्मलेल्यांना जन्माने नागरिकत्व आजही मिळत नाही.

क्युबाला दिलेला शब्द पाळला का?

कागदावर. २० मे १९०२ रोजी क्युबा प्रजासत्ताक झालं, पण त्याआधी प्लॅट दुरुस्ती त्यांच्या राज्यघटनेत घालायला लावली. तिच्यानुसार अमेरिकेला हवं तेव्हा हस्तक्षेप करता येणार होता आणि नौदलाच्या तळासाठी जागा मिळणार होती. नाही म्हटलं असतं तर फौज हललीच नसती. ती दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली, ग्वांतानामोचा १९०३ चा भाडेपट्टा मात्र राहिला. दोन्ही देशांची संमती असेल किंवा अमेरिकेनेच तळ सोडला, तरच तो मोडतो. क्युबाचं सरकार भाड्याचे धनादेश वटवत नाही.

हरलेल्या स्पेनचं काय झालं?

तिथे या वर्षाला नुसतं ‘संकट’ म्हणत. प्रशांत महासागरातली उरलीसुरली कॅरोलाइन, मारियाना आणि पलाऊ बेटं १८९९ मध्ये अडीच कोटी पेसेतांना जर्मनीला विकली गेली. हरण्याच्या धक्क्यातून लेखकांची एक अख्खी पिढी स्वतःच्या देशाकडे कठोरपणे पाहू लागली. फिलिपाईन्समधल्या बालेर गावच्या चर्चमध्ये अडकलेली स्पेनची एक तुकडी मात्र युद्ध संपलं यावर विश्वासच ठेवत नव्हती, ती जून १८९९ पर्यंत लढत राहिली. या सैनिकांना कैदी न मानता मित्र म्हणून जाऊ द्यावं, असा हुकूम अगिनाल्दो यांनी काढला.

पनामा कालव्याशी याचा संबंध कसा?

१८९८ मध्ये ‘ओरेगॉन’ ही अमेरिकी युद्धनौका सान फ्रान्सिस्कोहून निघाली आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून फ्लोरिडाला पोचायला तिला दोन महिन्यांहून अधिक लागले. लोक रोज वर्तमानपत्रात तिचा ठावठिकाणा शोधत होते. दोन महासागरांत मुलूख असलेल्या देशाला मध्ये कालवा हवा, हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही. १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून फुटलं, त्याला अमेरिकेचं पाठबळ होतं, आणि १९१४ मध्ये कालवा खुला झाला.

अमेरिकी राजवटीने काही चांगलं केलंच नाही का?

केलं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. हवानात अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने १९०० मध्ये पीतज्वर डासांमुळे पसरतो हे सिद्ध केलं. मात्र हा सिद्धांत क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनलाय १८८१ पासून मांडत होते, त्यांचं नाव मागाहून घेतलं जातं. फिलिपाईन्समध्ये १९०१ पासून शेकडो अमेरिकी शिक्षक आले, सरकारी शाळा उभ्या राहिल्या. त्याच काळात, १९०४ मध्ये, सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनो माणसं आणून लोकांना बघण्यासाठी ठेवली गेली. शाळा आणि ते प्रदर्शन दोन्ही एकाच सरकारच्या काळातली, म्हणून एकीचं कौतुक करताना दुसरं झाकता येत नाही.

आज ही बेटं कुठे आहेत?

हवाई १९५९ पासून अमेरिकेचं पन्नासावं राज्य आहे. फिलिपाईन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झालं. अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनाची ती तारीख १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष दिओस्दादो माकापागाल यांनी बाजूला ठेवली आणि १२ जून हाच राष्ट्रीय दिन केला, म्हणजे तिथलं सरकार आता स्वातंत्र्य १८९८ पासून मोजतं. बालांगिगाच्या चर्चमधून अमेरिकी सैनिकांनी नेलेल्या तीन घंटा डिसेंबर २०१८ मध्ये परत आल्या. ग्वाममध्ये हवाई दलाचे आणि नौदलाचे मोठे तळ आहेत. प्युएर्तो रिकोमध्ये तीस लाखांहून अधिक अमेरिकी नागरिक राहतात. बेटावर राहत असेपर्यंत त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देता येत नाही, आणि काँग्रेसमधल्या त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला सभागृहातल्या अंतिम मतदानात मत नसतं.